कॅश म्हणजे बॅकअप नव्हे

"नेटवर आहे ना, मग साठवायचं कशाला?" हे वाक्य होस्टेलमध्ये खपून जातं. सुट्टीत साखरखेर्ड्याला गेलेल्या मित्राला विचारून बघा. गाव सिंदखेडराजा तालुक्यातलं, इतिहासात १७२४ च्या लढाईमुळे नाव कमावलेलं. पण लिनक्स टाकायचं म्हटलं की प्रश्न आजचा! उबुंटू २४.०४ ची आयएसओ फाईल ६ जीबीच्या आसपास. मोबाईलचा पॅक रोज दीड जीबीचा असेल तर नुसत्या त्या फाईलीत चार दिवसांचं नेट संपलं. मध्येच रेंज गेली तर विचारूच नका.

यावर उपाय आहेत, आपणच ते वापरत नाही. एपीटीने उतरवलेली पॅकेजं आधी मशीनवरच्या कॅशमध्ये येतात. गोम अशी की 'एपीटी-गेट' वापरलं तर काम झाल्यावरही ती तिथे राहतात. २०१६ नंतरच्या आवृत्त्यांत नुसतं 'एपीटी इन्स्टॉल' केलं की पुसली जातात. म्हणजे तेच पॅकेज पुन्हा हवं असेल तर पुन्हा नेट जाळा.

इथे वीस खोल्यांत वीस जण तोच कंपायलर वीसदा उतरवतात. त्यापेक्षा लॅबमधून बाद झालेल्या एखाद्या पीसीवर एपीटी-कॅशर-एनजी बसवावं. पहिल्याने मागितलेलं पॅकेज ते नेटवरून आणतं, बाकीच्यांना डिस्कवरून देतं. गावी जाणाऱ्यांसाठी ऋतेश राज सर्राफ यांचं एपीटी-ऑफलाईन आहे. घरच्या मशीनवर मागणीची छोटी फाईल बनवायची, पेन ड्राइव्हवर घालून नेट असलेल्या ठिकाणी न्यायची, पॅकेजं भरून परत आणायची. एपीटी बसवण्याआधी चेकसम ताडून बघतं. 'डीपीकेजी'ने थेट बसवलं तर ही तपासणी होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

काही सर म्हणतील, आता वायफाय आहे, हवी कशाला ही भानगड? सर, वायफाय होस्टेलात आहे, सुट्टी गावात असते!

पण माझं खरं भांडण दुसरंच आहे. आपल्या पोरांकडे पिक्चर आणि सेटअप दोन-दोन डिस्कवर, आणि फायनल इयरचा प्रोजेक्ट एकाच पेन ड्राइव्हवर! पॅकेज गेलं तर चार दिवसांचं नेट जातं. प्रोजेक्ट गेला तर तो जगातल्या कुठल्याच सर्व्हरवर सापडत नाही. बॅकअपमध्ये पॅकेजं भरायची गरजच नाही. बसवलेल्या पॅकेजांची यादी 'डीपीकेजी' काढून देतं, ती काही केबीची असते. यादी आणि आपलं स्वतःचं काम बॅकअपमध्ये, बाकी सगळं होस्टेलच्या कॅशमध्ये.

आणि तो बॅकअप उघडून बघा हो! आपल्या भागात सोयाबीनचं घरचं बियाणं पेरण्याआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात, किती उगवले ते मोजतात, मगच पेरतात. पोतं भरलेलं दिसलं म्हणून कुणी पेरत नाही. आपण मात्र कॉपीची पट्टी शेवटपर्यंत गेली की निर्धास्त. प्रोजेक्ट जमा करताना दुसरी प्रत गाईड सरांच्या मशीनवर चालवून दाखवायची, एवढा एक नियम विभागाने करावा.

बाकी लागतं काय? एक जुना पीसी, एक मोठी डिस्क आणि रिडिंग रूममधला एक प्लग. दिवाळीच्या सुट्टीआधी झालं तर जाताना सगळ्यांचे पेन ड्राइव्ह भरून जातील.