मिठाची पोती आणि मंजुरीचा क्रम

यंत्र बिघडले म्हणजे दोष शोधण्याचा एकच शहाणा क्रम असतो. जे तपासावयास स्वस्त आणि बिघडण्याचा संभव अधिक, ते आधी. जे महाग आणि क्वचित बिघडणारे, ते मागाहून. आपल्या सरकारी संस्थांतून मात्र निराळाच क्रम चालतो. ज्या खर्चाला एका सहीचे काम असते तो दोष प्रथम ‘सापडतो’. ज्याला वरची मंजुरी लागते तो दोष वर्षानुवर्षे अस्तित्वातच नसतो. हे विधान कुणास अतिशयोक्त वाटेल, म्हणून वरकरणी क्षुल्लक असे एक उदाहरण घेतो: पोहण्याच्या तलावात मिठापासून क्लोरीन बनविणारे यंत्र.

परदेशस्थ वाचकांपैकी ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेच्या दक्षिण भागात ज्यांचे वास्तव्य आहे, त्यांच्या परसातच ते असण्याचा संभव आहे. तलावाच्या पाण्यात दर हजार लिटरमागे सुमारे ३ किलो मीठ विरघळवायचे (समुद्राच्या खारेपणाचा हा जेमतेम बारावा हिस्सा), आणि ते पाणी टायटॅनियमच्या पत्र्यांमधून सोडून त्यात वीज खेळवायची. पत्र्यांवर रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो. मिठातील क्लोराइडचे क्लोरीन होते, ते जंतू मारते, आणि काम आटोपले की पुन्हा क्लोराइड होऊन पाण्यातच राहते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर मीठ हा साठा आहे आणि क्लोरीन हा ओघ. साठा घटतो तो केवळ पाणी तलावाबाहेर गेले तर: गाळणी उलट प्रवाहाने धुताना, पावसात तलाव भरून वाहिला असता, किंवा गळतीमुळे. उन्हाने पाणी आटले तरी मीठ मागेच राहते.

ही एवढी गोष्ट ज्याला ठाऊक आहे तो ‘मीठ कमी’ असा दिवा लागल्यावर पहिला प्रश्न विचारील: पाणी कुठे गेले? उत्तर भारतातील एका केंद्रीय प्रशिक्षण संस्थेत मी पाहिले, तेथे हा प्रश्न दोन उन्हाळ्यांत कुणी विचारला नव्हता. तलाव सुमारे ५ लाख लिटरचा. दिवा लागला की पोते ओतायचे, अशा रीतीने ५० किलोची २४ पोती त्यात गेली होती. म्हणजे १,२०० किलो. दर हजार लिटरमागे जवळजवळ अडीच किलोची भर, तीही मुळात पुरेसे मीठ असलेल्या पाण्यात. शिडीच्या पोलादी पायऱ्यांवर तांबूस डाग पडू लागले होते, दिवा तसाच लागलेला होता, आणि तलावात कर्मचाऱ्यांची मुले पोहणे शिकत होती. नस्ती मात्र निर्दोष होती. प्रत्येक पोत्याची पावती, साठा नोंदवहीतील नोंद, आकस्मिक खर्चाचे देयक, सारे यथास्थित. लेखापरीक्षकाला आक्षेप घ्यायला तसूभर जागा नाही!

वस्तुतः यांपैकी पुष्कळशी यंत्रे मीठ मोजतच नाहीत. पत्र्यांमधून किती वीज वाहते, यावरून ती मिठाचा अंदाज बांधतात. पत्र्यांवर क्षार साचले, त्यांचा लेप झिजला, किंवा पाणी फार थंड असले, तर वीज कमी वाहते आणि यंत्र मिठावर आळ घेते. त्या प्रदेशाचे भूजल कमालीचे जड आहे. घरातल्या गिझरची जी दशा होते तीच या पत्र्यांची. संच उघडून पाहिला असता तर पांढरे पापुद्रे डोळ्यांना दिसले असते. हायड्रोक्लोरिक आम्ल चौपट-पाचपट पाण्यात मिसळून (आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कदापि नव्हे) दहा-पंधरा मिनिटे त्यात पत्रे बुडविले की क्षार सुटतात. तारेच्या ब्रशने घासले तर लेपच निघून जातो, म्हणून ते वर्ज्य. इतके करूनही, आणि स्वतंत्र मापकाने मीठ पुरेसे आहे अशी खात्री झाल्यावरही दिवा विझत नसेल, तर पत्रे झिजले असे समजावे. ते काही वर्षांनी झिजणारच. ती त्यांची प्रकृती आहे.

आणि नेमकी येथेच प्रशासनाची गाडी अडते. पत्र्यांचा संच ही खर्ची पडणारी वस्तू आहे. पण मालमत्ता नोंदवहीत तो ‘यंत्र’ या एका ओळीत गडप झालेला असतो. यंत्र घेतले तेव्हा न्यूनतम दराची निविदा स्वीकारली. पाच वर्षांत संच बदलण्यास काय लागेल, हे कुणी विचारलेच नाही. आता नवा संच म्हणजे तांत्रिक अहवाल, समिती, तीन दरपत्रके आणि ‘मूळ खरेदीतच त्रुटी होती काय?’ हा अवघड प्रश्न. त्यापेक्षा मिठाचे पोते बरे.

याहून गंभीर प्रकार पुढचा. पाण्याचा प्रवाह थांबला की यंत्र बंद पाडणारी एक कळ असते. या प्रक्रियेत क्लोरीनबरोबर हायड्रोजनही निघतो. पाणी वाहते आहे तोवर तो वाहून जातो, साचला तर स्फोट होऊ शकतो. गाळणी तुंबली की ही कळ यंत्र बंद करते, आणि वरून ‘यंत्र चालू ठेवा’ असा दूरध्वनी आला की कंत्राटी कामगार तारेचा तुकडा जोडून कळ निकामी करतो. दोष त्याचा नव्हे. त्याला यंत्र चालू ठेवायला सांगितले आहे, पाणी सुरक्षित ठेवायला नव्हे.

कारण पाणी कुणी तपासतच नाही. दिवा हिरवा असला म्हणजे पाणी शुद्ध, अशी समजूत. वास्तविक हे यंत्र पाण्याचा पी.एच. हळूहळू वाढवीत नेते. पी.एच. ७.५ असताना मुक्त क्लोरीनपैकी सुमारे निम्मे परिणामकारक रूपात असते. ८ झाला की जेमतेम पाव. उघड्या तलावात सायन्युरिक आम्लाचे संरक्षण नसेल तर उन्हाने क्लोरीन काही तासांत उडून जाते. यांतले काहीही फलकावर दिसत नाही. दिसते ते क्लोरोस्कोपच्या नळीत, आणि त्या संस्थेतला क्लोरोस्कोप कपाटात कुलूपबंद होता, कारण तो हरवल्यास वसुली होते.

‘अधिकारी नियमांनी बांधलेला आहे’ हे उत्तर मला पाठ आहे. सेवेत ते असंख्य वेळा ऐकले. सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधील १४४ वा नियम सार्वजनिक खरेदीत काटकसरीबरोबर कार्यक्षमतेचीही जबाबदारी अधिकाऱ्यावर टाकतो. संच उघडून पाहू नका, असे कोणताही नियम सांगत नाही. नियमांआड लपण्यापूर्वी ते वाचावेत, एवढी अपेक्षा फाजील नसावी.

हा विषय तलावापुरता असता तर मी येथे लिहिला नसता. पोहणाऱ्याला निदान पाण्यातून उठून जाता येते. परंतु मिठापासून जागेवरच क्लोरीन बनविण्याची हीच विद्या ग्रामीण पाणीयोजनांतही वापरली जाते. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झाल्यापासून नळजोडण्या मोजण्याचा उत्साह दांडगा आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे लागते, तेही नळाशी. तेव्हा जेथे ही यंत्रे बसवायची तेथे निविदेत दोन कलमे घालावीत. पत्र्यांच्या बदली संचाची किंमत मूळ दरातच धरावी, आणि देखभालीचे देयक यंत्राच्या दिव्यावर नव्हे, तर गावातील सर्वांत दूरच्या नळावर रोज घेतलेल्या क्लोरीनच्या नोंदीवर द्यावे. ती नोंद ठेवणाऱ्या पंपचालकाला रसायनाची कुपी विनासायास मिळावी, आणि ती संपल्यावर मागणीपत्र तीन टेबलांवरून फिरू नये.