कार्तिकी पौर्णिमेनंतरचा पाऊस



आपल्या व्यापारी घरांतील पावसाळ्याची गणना फार जुनी आहे. अक्षय्य तृतीया उलटली की पत्र्यांवर माणूस चढवायचा, मृग लागण्यापूर्वी पन्हाळी साफ करायची आणि दिवाळीची रंगसफेदी झाली की वर्षाची डागडुजी संपली असे मानायचे. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास पूर्ण होतो, साधू-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो आणि त्याच सुमारास पेढीवरच्या ताडपत्र्याही घडी होऊन माळ्यावर जातात. ही गणना पूर्वजांच्या अनुभवातून आली होती व दीर्घकाळ ती खरी ठरली. अलीकडे मात्र ती वारंवार चुकते आहे.

२०१४ च्या फेब्रुवारी अखेरीस सुरू झालेली आणि मार्चमध्येही राहिलेली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. डिसेंबर २०२१ च्या आरंभी राज्यात अवकाळी पाऊस झाला. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी दिवाळी होऊन जेमतेम पंधरवडा झाला असताना पावसाने आणि गारांनी अनेक जिल्ह्यांना झोडपले. डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यातही उत्तर महाराष्ट्र व मराठवाड्याच्या काही भागांत तेच घडले. उत्तरेकडून येणारे पश्चिमी झंझावात आणि समुद्रावरून येणारे बाष्प यांची गाठ पडली की ऐन थंडीत ढग भरून येतात. समुद्र तापत चालल्याने हवेत बाष्पही अधिक मावते. प्रत्येक हिवाळा ओला जाईल असे नाही. परंतु कोरडाच जाईल असे गृहीत धरून माल उघड्यावर ठेवण्याचे दिवस संपले, एवढे निश्चित.

अजिंठा व सिल्लोड परिसरातील व्यापाऱ्यांना हा विषय अधिक जवळचा आहे. गाव घाटमाथ्यालगत, खाली खानदेश, वर मराठवाड्याचे पठार. या पट्ट्याची मुख्य आवक कापूस आणि मका यांची, आणि ती याच महिन्यांत होते. आषाढ-श्रावणात पाऊस पडतो तेव्हा आवार रिकामे असते व ताडपत्री हाताशी असते. मार्गशीर्ष-पौषात पडतो तेव्हा आवार मालाने भरलेले असते आणि ताडपत्री माळ्यावर. म्हणून हिवाळ्यातील एक तासाचा पाऊस पावसाळ्यातील आठवडाभराच्या झडीपेक्षा महाग पडू शकतो. हमीभाव खरेदीत कापसाला ८ ते १२ टक्के आणि मक्याला १४ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. एकदा भिजलेला मका वरून वाळलेला दिसला तरी आत बुरशी धरतो. तिच्यातून निर्माण होणारे अफ्लाटॉक्सिन माणसाला आणि जनावराला दोघांनाही घातक असते.

छपरापासून गटारापर्यंत

दुरुस्तीची दुसरी फेरी भाऊबीज ते कार्तिकी पौर्णिमा या दिवसांत करावी, असे माझे सुचवणे आहे. तिचा क्रम पाण्याच्या वाटेनेच असावा, म्हणजे वरून खाली.

पत्र्याचे जे-बोल्ट आणि त्याखालचे वॉशर चार महिन्यांच्या उन्हापावसाने सैल झालेले असतात. बहुतेक गळती तेथूनच सुरू होते. सिमेंटच्या पत्र्यांना केसाएवढी चीर गेली असेल तर पहिल्या गारेने ती उघडी पडते. असे पत्रे वेळीच बदलावेत, आणि वर चढणाऱ्या माणसाला थेट पत्र्यावर पाय ठेवू न देता फळी टाकून द्यावी. पावसाळ्यात पन्हाळीत साठलेला पालापाचोळा व माती दिवाळीपर्यंत वाळून घट्ट बसते. ती काढली नाही तर पाणी उलटे वळून भिंतीत उतरते. गच्चीच्या पाइपाचे तोंडही तसेच पाहावे.

नंतर जोते. गावोगावी रस्त्यांचे काँक्रिटीकरण झाले आणि नव्या रस्त्याची पातळी कित्येक जुन्या दुकानांच्या उंबऱ्याच्या वर गेली. अशा दुकानासमोर दोन पायऱ्यांऐवजी एक उंच उंबरा आणि बाहेर जाळीची मोरी असणे हिताचे. आवाराचा उतार गोदामाकडे नसून गटाराकडे आहे ना, हे बादलीभर पाणी ओतून पाच मिनिटांत कळते. गोदामात पोती जमिनीला टेकवू नयेत. खाली लाकडी फळ्या असाव्यात आणि थप्पी भिंतीपासून हातभर दूर असावी.

बाहेरचे दिवे, नामफलक आणि मोटारीच्या वायरी यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पाणी शिरलेला फलक शटरच्या संपर्कात आला, तर सकाळी ते शटर उचलणाऱ्या नोकराच्या जिवावर बेतते. आर्थिंग तपासून घेणे आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण बसवणे, हा खर्च मालाच्या एका पोत्याच्या हिशेबात धरू नये.

कागदाचे छप्पर

आयुष्य बँकेत गेल्यामुळे आणखी एक छप्पर मला पाहावेसे वाटते, ते विमापत्राचे. कॅश क्रेडिटच्या खात्यात व्यापारी दरमहा मालाचे विवरण देतो. पण त्यातील माल आणि विमापत्रातील माल यांचा मेळ क्वचितच घातला जातो. विमा हा पत्रात लिहिलेल्या जागेवरील मालाचा असतो. हंगामात शेजारचे गोदाम भाड्याने घेतले आणि विमा कंपनीला कळवले नाही, तर तेथील माल उघडाच समजावा. मोकळ्या आवारातील मालाचा उल्लेखही स्वतंत्रपणे असावा लागतो.

दुसरी बाब रकमेची. चाळीस लाखांच्या मालाचा वीस लाखांचाच विमा असेल आणि आठ लाखांचे नुकसान झाले, तर सरासरीच्या कलमानुसार भरपाई चार लाखांच्या हिशेबाने होते. १ एप्रिल २०२१ पासून लहान उद्योगांसाठी दोन प्रमाणित विमापत्रे उपलब्ध आहेत: एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असल्यास भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि ५ ते ५० कोटींदरम्यान असल्यास भारत लघु उद्यम सुरक्षा. त्यांत १५ टक्क्यांपर्यंतच्या कमी विम्याकडे दुर्लक्ष केले जाते, त्यापलीकडे नाही. तसेच वादळ व पूर यांचे नुकसान आणि जुन्या छपराची रोजची झिरप या विम्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. झिरपीचा दावा सामान्यतः नाकारला जातो. म्हणून दुरुस्तीची बिले व तारखेसह छायाचित्रे जपून ठेवावीत. आपण योग्य काळजी घेतली होती, याचा तोच पुरावा होतो.

कापड, खते, सिमेंट यांसारख्या करपात्र मालाच्या व्यापाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की नासून निकालात काढलेल्या मालावर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार परत करावे लागते. म्हणजे माल जातोच, वर कराचा भारही येतो. विमारक्कम ठरवताना सल्लागाराकडून हा मुद्दा समजून घ्यावा.

जयणेचा हिशेब

आपल्या गावाशेजारची लेणी ज्या भिक्षूंसाठी कोरली गेली, तेही वर्षावासात एका जागी राहत. त्यांच्यासाठी त्याच खडकात पाण्याची टाकी खोदली होती. जेथे पाणी टाक्यात गेले तेथे ते उपयोगी पडले. जेथे भेगांतून झिरपले तेथे चित्रे खराब झाली. पाणी तेच, फरक वाटेचा.

आपल्या धर्माने याला जयणा हा सुंदर शब्द दिला आहे. साचलेल्या पाण्यात डास होतात, ओल्या ओट्यावर शेवाळ चढते, भिजलेल्या धान्यात कीड पडते. शेवाळ व बुरशी यांना आपण अनंतकाय मानतो. ती वाढू द्यायची आणि मग औषध मारून खरवडायची, यात हिंसा आहे. जागा आधीच कोरडी व निर्मळ ठेवण्यात जयणा आहे. त्या शेवाळावरून पाठीवर पोते घेऊन जाणारा हमाल घसरू नये, हाही जयणेचाच भाग.

तेव्हा वाचकहो, लाभपंचमीला नवी वही उघडाल तेव्हा तिच्या पहिल्या पानांत एक पान दुरुस्तीचे ठेवा. छप्पर, पन्हाळी, उतार, वायरी आणि विमा या पाच ओळी लिहून प्रत्येकीपुढे तपासणीची तारीख घाला. आणि ताडपत्री माळ्यावर न ठेवता होळीपर्यंत दाराशीच राहू द्या.