नव्वद किलोमीटरची श्रीमंती

गेले दोन महिने आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकच विषय चाललाय. यॉट.

आम्ही पाचजण सांगलीला हॉस्टेलच्या एकाच विंगेत होतो. यंदा सगळ्यांची पन्नाशी झाली, तेव्हा पाच जोडप्यांनी मिळून 'काहीतरी जंगी' करायचं ठरलं. आधी कोकण, मग केरळ, मग बाली असं करत करत गाडी (दुबईवाल्याच्या कृपेने) फ्रेंच रिव्हिएरावर जाऊन थांबली. जुलैत आठवडाभर यॉट भाड्याने घ्यायची आणि सां त्रोपे ते मोनॅको जायचं. कॅप्टन, शेफ, हाताखालची माणसं, सगळं दिमतीला. आणि नियोजन कुणाकडे? अस्मादिकांकडे. कारण काय, तर मला एक्सेल चांगलं येतं आणि 'तू पुण्यात निवांत असतोस'.

खरं सांगायचं तर पहिले तीन आठवडे मला जाम मजा आली. ब्रोकरशी मेलामेली, डेकचे फोटो, केबिनचे नकाशे, रात्री जेवण झाल्यावर बायकोला बोलावून 'हे बघ, आपली बाथरूम' वगैरे. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढचं वाचून 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' म्हणणारे निघतीलच. मला द्राक्षं परवडत होती. एक एफडी मोडून, जेमतेम, पण परवडत होती. तरीही माझं मत आता असं झालंय, की आमच्यासारख्यांनी यॉट भाड्याने घेऊन सुट्टी घालवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, आणि त्यात थोडा नीचपणाही आहे.

आधी हिशोब. पस्तीस मीटरची मोटर यॉट, पाच केबिन, दहा पाहुणे, सहा माणसांचा क्रू. आम्हाला आलेलं कोटेशन आठवड्याला ९०,००० युरो. हा आकडा पाहून दचकू नका, कारण हे फक्त बोटीचं भाडं. डिझेल, जेवणखाण, दारू, बंदरातलं पार्किंग (बोटीचंही पार्किंग असतं आणि जुलैत ते भयंकर महाग असतं) यासाठी भाड्याच्या साधारण ३० टक्के रक्कम आगाऊ ठेवायची. कॅप्टन त्यातून खर्च करत जातो. उरली तर परत मिळते, कमी पडली तर आणखी भरायची. म्हणजे २७,०००. सफर फ्रान्समधून सुरू होते म्हणून २० टक्के व्हॅट, १८,०००. शेवटी क्रूची टिप. ती 'ऐच्छिक', पण ५ ते १५ टक्क्यांचा रिवाज. मधला दहाचा आकडा धरला तर ९,०००. झाले एकूण १,४४,००० युरो. पाच जोडप्यांत भागिले तर प्रत्येकी २८,८००. युरो शंभर रुपयांना धरा, म्हणजे २८ लाख ८० हजार. विमान आणि व्हिसा वेगळे.

हा आकडा मी ग्रुपवर टाकला. न्यू जर्सीवाल्याने अंगठा दाखवला, दुबईवाल्याने शॅम्पेनची बाटली. पुण्यातल्या दुसऱ्याने 'बघू, बायकोला विचारतो' म्हटलं, म्हणजे तो तयार होता. आणि पाचव्याने दोन दिवसांनी लिहिलं, "जुलैत एक मोठी ऑर्डर आहे रे. तुम्ही जाऊन या. फोटो टाका."

पाचव्याचं कुपवाड एमआयडीसीत वर्कशॉप आहे. सहा माणसं कामाला. जुलैत त्याच्याकडे कसली ऑर्डर नाही हे मला माहीत होतं, कारण आधीच्याच आठवड्यात तो फोनवर काम नाही म्हणून कुरकुरत होता. बाकीच्यांनाही ते कळलंच असणार. लगेच न्यू जर्सीवाल्याने (माणूस मनाने चांगला आहे) लिहिलं, की त्याचा वाटा आपण चौघे उचलू, प्रत्येकी सात लाख वीस हजार तर जास्त पडतील. पडतील 'तर'!

त्यावर कुपवाडवाल्याने नुसते जोडलेले हात पाठवले. मी न राहवून त्याला फोन केला. म्हटलं, "अरे, आपल्यात कसला हिशोब? हॉस्टेलला माझं दोन महिन्यांचं मेसचं बिल तूच भरलं होतंस." तो म्हणाला, "हो, आणि दिवाळीनंतर तू परत दिलंस. हे मी कधी परत देणार सांग. त्या बोटीवर मी आठवडाभर काय म्हणून वावरू? तुम्ही म्हणाल तिकडे जायचं, तुम्ही म्हणाल ते खायचं, आणि रोज संध्याकाळी छान छान म्हणायचं. त्यापेक्षा मी इथे बरा."

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. पण त्या फोननंतर मी ती एक्सेल शीट वेगळ्या नजरेने पाहायला लागलो. आपण नक्की विकत काय घेतोय? समुद्रकिनारा?

सां त्रोपे ते मोनॅको हे अंतर समुद्रमार्गे पन्नासेक सागरी मैल, म्हणजे नव्वदेक किलोमीटर. पुण्याहून साताऱ्याला पोचायलाही पुरणार नाही एवढं! ते सात दिवसांत करायचं, म्हणजे बोट बहुतेक वेळ उभीच असते. दिवसा कुठल्यातरी उपसागरात नांगर टाकून आणि रात्री बंदरात. त्याच किनाऱ्याला लागून कान ते मोनॅको रेल्वे आहे. तासा-सव्वा तासाचा प्रवास, खिडकीबाहेर समुद्र, आणि तिकीट आपल्याकडच्या बऱ्या हॉटेलातल्या जेवणाइतकं. कानहून समोरच्या सेंट मार्गरीट बेटावर साधी फेरी पंधरा मिनिटांत नेते. लोखंडी मुखवट्याच्या त्या प्रसिद्ध कैद्याला १६८७ पासून अकरा वर्षं जिथे डांबलं होतं तो किल्ला तिथेच आहे. आणि सगळ्यात कळस म्हणजे फ्रान्समध्ये १९७६ पासून कायदा आहे, की समुद्रालगतच्या खासगी जमिनीतूनसुद्धा लोकांना चालायला तीन मीटरची वाट मोकळी ठेवायची. आंतीबच्या भूशिरावर कोट्यधीशांच्या बंगल्यांच्या कुंपणाखालून, खडकांवरून ही वाट जाते. फुकट! जो किनारा पायाखाली घालायला काही पडत नाही, तो लांबून पाहायला आम्ही एक लाख चव्वेचाळीस हजार युरो देणार होतो.

हे 'ग्लॅमर'ही काही त्या समुद्रातून उगवलेलं नाही. 'कोत दाझ्यूर' म्हणजे निळा किनारा हे नावच मुळी १८८७ च्या एका पुस्तकाचं. तेव्हा इथे लोक यायचे ते हिवाळ्यात, थंडी टाळायला आणि छातीच्या दुखण्यावर हवापालट म्हणून. उन्हाळ्यात येऊन अंग भाजून घ्यायची फॅशन १९२० नंतरची. सां त्रोपे हे कोळ्यांचं गाव होतं. चित्रकार पॉल सिन्याक १८९२ मध्ये स्वतःच्या शिडाच्या होडीतून तिथे आला, आणि मग ब्रिजित बार्दोच्या १९५६ च्या सिनेमानंतर जग लोटलं. मोपासाँची गोष्ट मला फार आवडते. त्याचीही एक शिडाची यॉट होती, 'बेल-आमी', बरोबर दोन खलाशी. १८८८ साली त्याने त्या भटकंतीवर पुस्तक लिहिलं. कानमध्ये मिरवणाऱ्या राजेरजवाड्यांचा त्याला उबग आला होता, आणि समुद्रावर जायचं ते या मंडळींपासून लांब पळायला.

आम्ही नेमके उलटे निघालो होतो. तिथल्या बंदरांत बोटी धक्क्याला पाठ लावून उभ्या करतात. त्याला कारण साधं आहे, जागा कमी लागते. पण यॉटवर जेवायचं टेबल असतं मागच्या डेकवर. म्हणजे तुम्ही जेवत असता आणि चार हातांवर धक्क्यावरून जाणारे-येणारे, आइस्क्रीम खाणारे तुमच्या ताटात डोकावत असतात. ब्रोकरच्या पत्रकात 'खासगीपणा' हा शब्द चार वेळा होता. आता ज्याला खरंच खासगीपणा हवा तो भर बाजारात, दिवे लावून, पाठ उघडी टाकून जेवायला बसेल का हो? आपल्याला लोकांनी पाहावं, याचेच हे पैसे.

मग आला तो आवडीनिवडींचा फॉर्म. आठ पानं. न्याहारी किती वाजता, अंडं कसं, पाणी साधं की बुडबुड्यांचं, उशी कडक की मऊ, केबिनमध्ये फुलं कुठल्या रंगाची. फुलांचा रंग! आमच्या पाचांपैकी कुणाच्याही घरात हा प्रश्न कधी निघालेला नाही. आणि मी, लाज वाटते सांगायला, तीन संध्याकाळी खपून तो फॉर्म भरला. शेफला कळावं म्हणून कांदेपोह्यांची कृती इंग्रजीत टाइप केली. 'पोहे भिजवायचे नाहीत, धुवायचे' हे ठळक अक्षरांत. दहा पाहुण्यांना सहा माणसं. ती सकाळी आपल्या आधी उठणार, रात्री आपण झोपल्यावर ग्लास उचलणार, आणि मधल्या वेळात हसतमुख असणार. समुद्रावरच्या कामगारांसाठी २००६ मध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला, २०१३ पासून तो लागू आहे, भाड्याच्या यॉटनाही. त्यात विश्रांती किती? चोवीस तासांत किमान दहा तास. म्हणजे चौदा तास राबवून घेतलं तरी सगळं कायदेशीर.

माझा रत्नागिरीचा मामा बोटीवर होता. मर्चंट नेव्हीत, इंजिनरूममध्ये. त्याची बोट दोन-तीनदा मार्सेयला लागली होती, याच किनाऱ्याला, थोडं पश्चिमेला. आम्हा पोरांना मार्सेयचं एकच माहीत, ८ जुलै १९१० ची सावरकरांची उडी. सुट्टीत तो घरी आला की आम्ही त्याला घेरायचो, "मामा, ती जागा पाहिलीस का?" तो म्हणायचा, "मी इंजिन पाहिलं रे." पोह्यांची कृती टाइप करताना मला हे आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

समुद्राचंही ऐकून घ्या. या किनाऱ्याच्या तळाशी पॉसिडोनिया नावाची वनस्पती आहे. शेवाळ नव्हे, चांगली फुलं येणारी वनस्पती, तिची पाण्याखाली कुरणं असतात. माशांची पिल्लं तिथे वाढतात, वाळू तिच्यामुळे धरून राहते. ती वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर पसरते. मोठ्या बोटीचा नांगर आणि त्याची फरफटणारी साखळी एका दुपारीत जे उपटते, ते भरून यायला पिढ्या जातात. फ्रान्सने तिला १९८८ मध्येच संरक्षण दिलं, आणि तरीही २०१९ मध्ये चोवीस मीटर आणि त्यावरच्या बोटींना या कुरणांवर नांगर टाकायला बंदी घालायचा वेगळा आदेश काढावा लागला. यावरून काय ते समजा.

'पैसा आमचा आहे' असं दुबईवाला म्हणालाच. आहे ना. कोण नाही म्हणतंय? 'तिथल्या लोकांचं पोट त्यावर चालतं' हेही खरं. आंतीबच्या बंदरात तर मोठ्या यॉटच्या धक्क्याला लोक उघडपणे 'अब्जाधीशांचा धक्का' म्हणतात आणि गावातली कितीतरी दुकानं त्यावर जगतात. पण मग रोजगार द्यायला निघालो आहोत असं तरी म्हणा, 'निसर्गाच्या सान्निध्यात जुने मित्र' असं ग्रुपचं नाव ठेवू नका. आणि माझं भांडण बोटीशी नाहीच. ज्याला शीड हाकता येतं, परवाना आहे, त्याने चाळीस फुटी होडी काही हजार युरोत घ्यावी, स्वतः दोर ओढावेत, स्वतः भांडी घासावीत. त्याचा मला हेवाच वाटेल. आमच्यातल्या एकाला तरी धड पोहता येतं का? मला विहिरीत येतं.

परवा मी ग्रुपवर लिहिलं, की मी येत नाही, आणि का येत नाही तेही लिहिलं. कुपवाडच्या फोनबद्दल अवाक्षर काढलं नाही, पण ते सगळ्यांना कळलं असावं. न्यू जर्सीवाला म्हणाला, तू फार सेंटी होतोस. दुबईवाल्याने शीट मागून घेतली. आता ते तीन जोडपी जाणार आहेत, तीन केबिनची लहान बोट बघतायत. करारावर सही करताना निम्मे पैसे द्यायचे असतात, ती तारीख येत्या शुक्रवारची आहे.

आणि कुपवाडवाला माझ्यावर चिडलाय. "माझ्या नावावर तू तुझी सहल रद्द केलीस, आता ते तिघे मलाच धरतील," म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर दोनदा केला, त्याने उचलला नाही. रविवारी सांगलीला जाऊन येतो.