शून्य आणि नल

आमच्या धंद्यात नवख्याला पहिल्याच महिन्यात दम मिळतो: शून्य आणि नल एक समजू नकोस. शून्य म्हणजे मोजलं, काही निघालं नाही. नल म्हणजे मोजलंच नाही. न बोलणाऱ्या माणसांचा संवाद मोजणाऱ्यांनाही हा दम कुणीतरी द्यायला हवा.

रेट सिंड्रोम घ्या. बहुतेकदा मुलींना होतो. शिकलेले शब्द जातात, हातांवरचा ताबा जातो. उरते ती नजर. यावरचं पहिलं औषध, ट्रोफिनेटाइड, अमेरिकेत २०२३ साली मंजूर झालं. त्याच्या मोठ्या चाचणीत ५ ते २० वर्षांच्या १८७ मुली होत्या. आणि संवादात फरक पडला का, हे बघायला वापरलेली प्रश्नावली मुळात ६ ते २४ महिन्यांच्या बाळांसाठीची! बाळ बोट दाखवतं का? टाटा करतं का? मी वाचून थक्क झालो. जिचे हातच तिचं ऐकत नाहीत ती टाटा कशाने करणार? (त्या पट्टीवरही औषध सरस ठरलं, म्हणून पट्टी बरोबर ठरत नाही.)

वेळेचं तर विचारूच नका. उत्तर नजरेत उमटायला या मुलींना बराच वेळ लागतो. तोवर परीक्षक पुढच्या चित्रावर. सर्व्हर सावकाश असेल तर आम्ही टाइमआउट वाढवतो, त्याला मंदबुद्धीचा दाखला देत नाही.

मग ते शून्य फायलीत जाऊन बसतं. नजरेने चालणारं यंत्र मागणाऱ्या आईला ऐकवलं जातं, 'आधी तिला समजतं हे सिद्ध करा.' कशाने? त्याच यंत्राने ना?

'आईबापांना काय, सगळंच दिसतं' असंही म्हणतात. भीती खोटी नाही. हात धरून टाइप करवण्याच्या पद्धतीत शब्द मदतनिसाचेच निघाले होते. म्हणून तर नीट मोजायला हवं. अँजेलमन सिंड्रोमसाठी ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी पालकांशी बोलून 'ऑर्का' ही प्रश्नावली बनवली. त्यात आवाज, हावभाव, खुणा, यंत्र, सगळं धरलं जातं. म्हणजे जमतं. फक्त आधी घरच्यांना विचारावं लागतं.

तशी पट्टी प्रत्येक आजारासाठी होईल तेव्हा होईल. तोवर अहवालात ० ऐवजी 'मोजता आलं नाही' लिहा. रकान्यात मावत नसेल तर रकाना वाढवा.