डिस्चार्जनंतरचे अठरा महिने

आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेला रुग्ण मेडिसिन वॉर्डातून घरी निघतो, तेव्हा केसपेपरवर 'प्रकृती स्थिर' अशी नोंद होते. ॲट्रोपिन बंद झालेले असते, श्वास नीट चालू असतो, नातेवाइकांना घर गाठायची घाई असते आणि खाट दुसऱ्या रुग्णाला हवी असते. शरीरापुरती ती नोंद खरी असते. पण मनोरुग्ण विभागातून घरी गेलेल्या रुग्णांविषयीच्या जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१७ साली प्रसिद्ध झाले, त्यात डिस्चार्जनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतला आत्महत्येचा दर एक लाख व्यक्ती-वर्षांमागे ११३२ इतका आढळला. भारताच्या एकूण लोकसंख्येतला दर २०२२ साली लाखामागे १२.४ होता. हे दोन आकडे वेगवेगळ्या लोकसमूहांचे आहेत, त्यांची काटेकोर तुलना करता येणार नाही. तरीही दोहोंतले अंतर पाहून कोणीही थबकेल.

ज्या आठवड्यांत धोका सर्वांत मोठा असतो, नेमक्या त्याच आठवड्यांत आपल्याकडे त्या रुग्णाशी कोणाचाही संबंध उरलेला नसतो. या अंकाच्या निमित्ताने आम्हाला एवढेच ठासून सांगायचे आहे. उच्च जोखमीच्या रुग्णांवरील उपचारांचे संशोधन गेली पाच दशके वेगवेगळ्या वाटांनी याच जागी येऊन पोचले आहे.

सॅन फ्रान्सिस्कोचे मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या मनःस्थितीत दाखल झालेल्या आणि घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारणाऱ्या ८४३ रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले. एका गटाला अधूनमधून पत्र जाई. पत्र अगदी छोटे असे. तुमची आठवण आहे, तुमचे बरे चालले असावे, वाटले तर कळवा, इतकाच त्याचा आशय. त्यात ना सल्ला होता, ना औषधांची चौकशी, ना भेटीची तारीख. पाच वर्षांत अशी २४ पत्रे गेली. पहिल्या दोन वर्षांत या गटातल्या आत्महत्या लक्षणीयरीत्या कमी होत्या, पुढे तो फरक ओसरत गेला. आत्महत्येने होणारे मृत्यू घटल्याचे यादृच्छिक चाचणीत दिसण्याचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण. ते कोणत्याही नव्या औषधाने घडवलेले नाही, हे ध्यानात ठेवावे.

आपल्याला अधिक जवळचे काम जागतिक आरोग्य संघटनेचे आहे. ब्राझीलमधील काम्पिनास, श्रीलंकेतील कोलंबो, इराणमधील कराज, चीनमधील युनचेंग आणि आपले चेन्नई अशा पाच ठिकाणच्या आपत्कालीन विभागांत आलेल्या १८६७ रुग्णांवर ही चाचणी झाली. चेन्नईची बाजू 'स्नेहा' संस्थेच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी सांभाळली. उपचार म्हणजे डिस्चार्जच्या सुमारास एकदा तासभर बोलणे आणि त्यानंतर १८ महिन्यांत ९ वेळा संपर्क. पहिला संपर्क आठवड्याभरात, मग दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि अकराव्या आठवड्यात, पुढे चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात. फोन किंवा घरभेट. सुरुवातीला दाट आणि नंतर विरळ होत जाणारे हे वेळापत्रक जोखमीच्या उताराला धरून आखले होते. २००८ साली निकाल आला: नेहमीचे उपचार मिळालेल्या ८२७ जणांपैकी १८ जणांनी आत्महत्या केली होती, तर संपर्क ठेवलेल्या ८७२ जणांपैकी दोघांनी.

हे आकडे आपण व्याख्यानांत सांगतो, पण याच चाचणीची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. पुन्हा प्रयत्न करणाऱ्यांचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले, साडेसात टक्क्यांच्या आसपास. मृत्यू घटले, प्रयत्न घटले नाहीत. याचा अर्थ काय? संपर्कातल्या माणसाने संकटाच्या घडीला लवकर मदत मागितली का? प्रयत्नांची तीव्रता बदलली का? की एकूण मृत्यू थोडे असल्याने योगायोगाचाही त्यात वाटा आहे? पुढे ताहितीत याच धर्तीवर २०० रुग्णांवर चाचणी झाली, तिथे फरक दिसला नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये विषबाधेच्या ७७२ रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभरात ८ पोस्टकार्डे पाठवली गेली. पुन्हा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तींची संख्या घटली नाही, पण प्रयत्नांची एकूण संख्या निम्म्यावर आली. पुरावा असा खडबडीत आहे, आणि तो तसाच्या तसा वाचकांसमोर ठेवणे आम्ही कर्तव्य मानतो. आमचे मत असे की, इतका स्वस्त, इतका निरुपद्रवी आणि मृत्यूवर परिणाम दाखवलेला दुसरा उपाय आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या आवाक्यात आज नाही. शंका आहेत म्हणून तो सुरू करायचा नाही, असे करून चालणार नाही. सुरू करून मोजत राहिले पाहिजे.

मानसोपचारांकडे वळू. ग्रेगरी ब्राउन, ॲरन बेक आणि सहकाऱ्यांनी २००५ साली १२० रुग्णांवर बोधात्मक उपचारांची दहा सत्रे तपासली. १८ महिन्यांत पुन्हा प्रयत्न करणारे उपचार गटात २४ टक्के, तर नेहमीच्या व्यवस्थेत ४२ टक्के होते. मार्शा लिनेहान यांनी वारंवार स्वतःला इजा करणाऱ्या स्त्रियांसाठी घडवलेल्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीची २००६ साली अनुभवी मानसोपचारतज्ज्ञांच्या उपचारांशी थेट तुलना झाली, तेव्हाही आत्महत्येचे प्रयत्न निम्मे दिसले. या दोन्ही उपचारांत एक गोष्ट सारखी आहे. आत्महत्येचा विचार हे नैराश्याचे एक लक्षण समजून नैराश्य बरे होण्याची वाट पाहिली जात नाही. त्या विचारालाच थेट हात घातला जातो. त्या दिवशी काय घडले, कोणत्या क्षणी निर्णय झाला, पुन्हा तशी वेळ आली तर आधी काय करायचे आणि कोणाला बोलवायचे, हे रुग्णासोबत बसून शब्दाशब्दाने उलगडले जाते.

म्हणूनच बर्नच्या तीन सत्रांच्या उपचाराने सर्वांचे लक्ष वेधले. रुग्ण आपल्या प्रयत्नाची कहाणी सांगतो, ती चित्रित होते, दुसऱ्या सत्रात उपचारक आणि रुग्ण ती मिळून पाहतात, तिसऱ्यात सुरक्षा आराखडा ठरतो आणि मग दोन वर्षे पत्रे जातात. १२० रुग्णांच्या या चाचणीत पुन्हा प्रयत्नाची जोखीम सुमारे ८० टक्क्यांनी घटल्याचे २०१६ साली जाहीर झाले. मात्र हेलसिंकीत याच उपचाराची तुलना चांगल्या संकटकालीन समुपदेशनाशी झाली, तेव्हा दोहोंत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. एका छोट्या चाचणीच्या दणदणीत निकालावर विसंबून आपली पद्धत बदलणाऱ्यांनी हा धडा लक्षात ठेवावा.

त्याहून गंभीर इशारा अमेरिकेतून आला आहे. वारंवार आत्महत्येचे विचार येत असल्याचे सांगणाऱ्या १८,८८२ बाह्यरुग्णांवरची एक प्रचंड चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला डायलेक्टिकल थेरपीतली काही कौशल्ये ऑनलाइन शिकवण्याचा प्रस्ताव दिला गेला. १८ महिन्यांत त्या गटात स्वतःला इजा करण्याची जोखीम नेहमीच्या व्यवस्थेपेक्षा २९ टक्क्यांनी जास्त निघाली. आपल्याकडे सध्या मनःस्वास्थ्याची ॲप भराभर निघत आहेत आणि ती 'निदान अपाय तरी करणार नाहीत' असे गृहीत धरले जाते. समोर माणूस असताना जो उपचार तारतो, त्याचेच तुकडे पडद्यावरून दिले की ते अपायही करू शकतात. उच्च जोखमीच्या रुग्णाला ॲपच्या हवाली करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

औषधांबाबत थोडक्यात. क्लोझापिनचा पुरावा भक्कम आहे. स्किझोफ्रेनिया आणि स्किझोॲफेक्टिव्ह विकाराच्या ९८० रुग्णांच्या चाचणीत ते ओलान्झापिनपेक्षा सरस ठरले, तरीही आपल्याकडे ते फार उशिरा सुरू होते. लिथियमच्या बाजूने जुन्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण आहे. पण अमेरिकी माजी सैनिकांवरची नवी चाचणी ५१९ रुग्णांनंतर, फरक दिसण्याची आशा नाही म्हणून थांबवली गेली. योग्य रुग्णात लिथियम द्यावेच, फक्त ते सुरू केले म्हणजे आत्महत्येची काळजी मिटली असे मानू नये. एस्केटामिनला अमेरिकेत २०२० साली तीव्र आत्महत्येच्या विचारांसह असलेल्या नैराश्यासाठी मान्यता मिळाली, पण आत्महत्या टळते असे सिद्ध झालेले नाही, हे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेले आहे. खासगी क्लिनिकच्या जाहिरातींत ते वाक्य सापडत नाही.

कोणाला उच्च जोखमीचा म्हणायचे, हा प्रश्न इथे येतोच. पन्नास वर्षांतल्या ३६५ अभ्यासांच्या २०१७ सालच्या विश्लेषणातून असे दिसले की, आपले जोखीम-घटक भाकीत करण्यात नाणेफेकीपेक्षा किंचितच बरे आहेत. म्हणून प्रश्नावलीचे गुण पाहून 'कमी जोखीम' असा शिक्का मारणे आणि पाठपुरावा नाकारणे हे अशास्त्रीय आहे. प्रयत्न करून आलेला प्रत्येक रुग्ण पाठपुराव्याला पात्र धरावा. आणि विचारायला भिऊ नये. न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवरच्या चाचणीत, आत्महत्येविषयी थेट विचारल्याने मुलांचा त्रास वाढत नाही, हे २००५ सालीच दिसले आहे.

आता आपल्या दारातली गोष्ट. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या होत्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे, आणि तिच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. जुने ३०९ कलमही भारतीय न्याय संहितेत आलेले नाही. पण कॅज्युअल्टीच्या दारात अजून एमएलसीची आणि पोलिसांची धास्ती आहे. 'फवारताना पोटात गेलं', 'अंधारात चुकून प्याली' असे नातेवाईक सांगतात, आपण तसेच लिहून घेतो आणि मनोविकार विभागाचा रेफरन्स जातच नाही. जो रुग्ण कागदावर अपघाताचा ठरला, त्याचा पाठपुरावा कोण करणार?

पाठपुरावा करायचा तर इथल्या घरांचा विचार करून करावा लागेल. सून घरी परतते तेव्हा फोन बहुधा नवऱ्याच्या नाहीतर सासूच्या हातात असतो. 'मी अमुक रुग्णालयातून बोलतेय' या वाक्याने तिचे भले होईल की तिच्यावर पहारा बसेल, हे डिस्चार्जपूर्वी तिला एकटीला विचारून ठरवले पाहिजे. कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी, कोणाच्या नावाने फोन करायचा, हे तिनेच सांगावे. जिथे फोन अशक्य आहे तिथे आशाताई जाऊ शकते, तिला आधी प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला देऊन. हे होऊ शकते याचा दाखला घरचाच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत राबवलेल्या 'विश्राम' कार्यक्रमात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांमुळे नैराश्यावर उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तिथल्या लोकांत आत्महत्येचे विचारही कमी झाल्याचे आढळले. गोव्यात 'संगाथ'ने प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्यांकडून प्राथमिक केंद्रांत नैराश्याचे उपचार करून दाखवले, ते चाचणीच्या कसोटीवर उतरले.

मात्र चांगल्या कल्पनेलाही चाचणीतून जावेच लागते. श्रीलंकेतल्या अनुराधापुर भागात ५३ हजारांहून अधिक घरांच्या चाचणीत कीटकनाशके ठेवायला कुलपाच्या पेट्या वाटल्या गेल्या, आणि विष घेण्याचे प्रमाण घटले नाही. त्याच देशात अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यावर मात्र आत्महत्यांचा दर निम्म्याहून खाली आला. चाचणी झाली नसती तर आपणही गावोगाव पेट्या वाटत बसलो असतो.

ही शिस्त आपल्या संशोधनात अजून आलेली नाही, आणि याला कारणे आहेत. नैराश्याच्या बहुतेक औषधचाचण्यांतून आत्महत्येचा धोका असलेला रुग्ण पहिल्या पानावरच वगळला जातो. म्हणजे ज्याच्यासाठी उत्तर हवे, तोच प्रश्नाबाहेर. दुसरी अडचण संख्येची. मृत्यूचे प्रमाण वर्षाला एक टक्का धरले आणि ते अर्ध्यावर आणता येते का हे ८० टक्के खात्रीने तपासायचे ठरवले, तर प्रत्येक गटात सुमारे ४७०० रुग्ण लागतात. एकट्या विभागाला, एका पदव्युत्तर प्रबंधाला हे झेपणारे नाही. त्यामुळे पन्नास-साठ रुग्णांचे प्रबंध होतात, त्यांत एखादी गुणश्रेणी घसरलेली दाखवली जाते, आणि जगले किती याचे उत्तर कोणाजवळच नसते. नैतिक समित्यांची धास्ती आम्ही समजू शकतो, पण नियंत्रण गटालाही सुरक्षा आराखडा, टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आणि पहिली भेट देऊन चाचणी आखता येते. काहीच न देणाऱ्या आजच्या रिवाजापेक्षा त्या गटातला रुग्णही सुरक्षित राहील.

महाराष्ट्रातली वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालये एकत्र आली, तर दोन-तीन वर्षांत ही संख्या गाठता येईल, असा आमचा विश्वास आहे. त्याची सुरुवात निधीची वाट न पाहता होऊ शकते. वाचकांना आमची विनंती आहे की, या महिन्यापासून आपल्या विभागात एक नोंदवही सुरू करावी. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर घरी गेलेल्या प्रत्येक रुग्णाची संमती, त्याने सांगितलेला संपर्काचा मार्ग, नऊ संपर्कांच्या तारखा आणि प्रत्येक वेळी तो कसा आहे, एवढेच त्यात लिहावे. माहिती गोपनीय ठेवावी. हे काम निवासी डॉक्टरच्या अंगावर न ढकलता एका परिचारिकेकडे किंवा समाजसेवा अधीक्षकांकडे सोपवावे, आणि त्यासाठी त्यांना आठवड्यातला ठरावीक वेळ मोकळा करून द्यावा. ज्या विभागांची तयारी असेल त्यांनी संपादक मंडळाला कळवावे. सर्वांची नोंदवही एकाच साच्यात असावी, यासाठी आम्ही बैठक बोलावू.