वाळू रिकामी नसते

पावसाळ्यात बाभळीवरून सोनपाखरू पकडून काडेपेटीत ठेवल्याचं तुमच्यापैकी किती जणांना आठवतंय? तुम्हाला नसेल आठवत, तर घरी आई-बाबांना नाहीतर आजोबांना विचारा. बाभळीचा पाला घालून त्याला दोन दिवस 'पाळलेलं' असणार, त्याचे पंख वहीत जपलेले असणार. ते पंख वर्षानुवर्षं तसेच चकाकतात. कारण त्यांतली चमक रंगद्रव्याची नसते. कवचात एकावर एक अतिशय पातळ थर असतात, त्यांच्यावरून उजेड परावर्तित होतो आणि आपल्याला हिरवं-सोनेरी काहीतरी दिसतं. म्हणून किडा मेला तरी रंग विटत नाही.

याच कुळाचं नाव ब्युप्रेस्टिडी. जगभरात त्याच्या सुमारे १५ हजार जाती आहेत. आज त्यातल्या एका दूरच्या भावंडाबद्दल बोलायचंय. ते राहतं अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या आग्नेय टोकाला, मेक्सिकोच्या सीमेजवळच्या आल्गोडोनेस नावाच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये.

या टेकड्यांचा पट्टा सुमारे ७० किलोमीटर लांब आणि जेमतेम आठ-दहा किलोमीटर रुंद. काही टेकड्या ९० मीटरपर्यंत उंच. फार पूर्वी जवळच एक प्रचंड सरोवर होतं, त्याच्या काठची वाळू वाऱ्याने उडवत आणून इथे टाकली, असं मानतात. तुम्ही 'स्टार वॉर्स'चे चाहते असाल तर ही जागा तुम्ही पाहिलेली आहे. १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मधला वाळूतल्या अक्राळविक्राळ तोंडाचा प्रसंग इथलाच. पडद्यावर हा भाग दुसऱ्याच कुठल्या तरी निर्जीव ग्रहासारखा वाटतो.

पण तो निर्जीव नाही. १९८७ मध्ये इथल्या एका छोट्या रत्नकीटकाची शास्त्रात पहिल्यांदा नोंद झाली. सोनपाखरापेक्षा कितीतरी लहान असलेल्या या किड्याला नाव मिळालं लेपिस्माडोरा आल्गोडोनेस. तो इतका वेगळा निघाला की त्याच्यासाठी नवी प्रजातीच, म्हणजे 'जीनस', तयार करावी लागली आणि त्या प्रजातीत तो एकटाच आहे. तो भेटतो टिक्विलिया नावाच्या, जमिनीलगत पसरणाऱ्या एका वाळवंटी झुडपाच्या फुलांवर. म्हणजे त्याचं जग किती, तर एक टेकड्यांचा पट्टा आणि त्यातली ती झुडपं.

आता दुसरी बाजू. आल्गोडोनेस हे वाळूत गाड्या उडवणाऱ्यांचं अमेरिकेतलं एक फार लाडकं ठिकाण आहे. थंडीत, सुट्टीच्या शनिवार-रविवारी तिथे लाखभर माणसं जमतात. तंबू, शेकोट्या, रुंद टायरच्या बग्या, रात्रभर इंजिनांचा आवाज. यात मजा नाही असं कोण म्हणेल? त्यावर आजूबाजूच्या गावांचं पोटही चालतं. कित्येक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथे जातात. त्यांना खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. ते म्हणतात, 'नुसती वाळू तर आहे, तिचं काय बिघडणार?'

बिघडतं. १९८३ मध्येच दोन संशोधकांनी इथला गाड्या फिरणारा आणि न फिरणारा भाग ताडून पाहिला होता. जिथे गाड्या नव्हत्या, तिथे झुडपं जास्त, सरडे जास्त आणि कीटकांच्या पावलांचे ठसेही कित्येक पटींनी जास्त सापडले. कारण साधं आहे. वाळवंटात झुडूप हे नुसतं झुडूप नसतं. ते वाळू धरून ठेवतं, सावली देतं, त्याच्या बुडाशी वाऱ्याने आलेला पालापाचोळा अडकतो आणि त्यावर किडे जगतात. रत्नकीटकांच्या बहुतेक जातींच्या अळ्या खोडात, फांद्यांत किंवा मुळांत वाढतात. टायरखाली झुडूप गेलं की वरचं फूलही गेलं आणि आतली पुढची पिढीही.

१९९४ मध्ये टेकड्यांचा उत्तर भाग कायद्याने राखीव झाला. २००० मध्ये कोर्टकचेरीनंतर आणखी मोठा भाग गाड्यांसाठी तात्पुरता बंद झाला, पण २०१३ च्या आराखड्यात त्यातला बराचसा पुन्हा खुला झाला. मधल्या काळात, २००४ मध्ये, पर्यावरण संस्थांनी इथल्या १६ कीटकांना कायद्याचं संरक्षण द्या असा अर्ज केला. आपला रत्नकीटकही त्या यादीत होता. २००६ मध्ये सरकारी खात्याने अर्ज फेटाळला. हे कीटक धोक्यात आहेत असं मानण्याइतकी ठोस माहिती अर्जात नाही, असं त्याचं म्हणणं.

आमच्या मते खरी मेख इथे आहे. माहिती नाही म्हणून संरक्षण नाही. संरक्षण नाही म्हणून कुणाचं लक्ष नाही. आणि लक्ष नाही म्हणून माहिती नाही! वाघाच्या बाबतीत असं होत नाही, कारण वाघ मोजायला माणसं आहेत. नखाएवढ्या किड्याला कोण मोजणार? म्हणून नियम उलटा हवा. ज्या जिवाचं सगळं जगच एवढंसं आहे, तिथे पुरावा येईपर्यंत थोडी जागा राखून ठेवावी. सगळी वाळू बंद करा असं नाही. पण झुडपांचे पट्टे सोडून गाडी चालवली तर मजा कमी होते का?

हे सगळं सातासमुद्रापार आहे, आपला काय संबंध, असं वाटत असेल तर तुमच्याच फोनमधले रील्स काढून बघा. कोकणातल्या किनाऱ्यावर भरधाव जीप, सड्यावर फुलांतून गेलेली बाइक, माळरानावर गोल गोल फिरवलेली गाडी. 'रिकामीच तर जागा होती' हे वाक्य आपलंही आहे. आपण माळाला 'पडीक' म्हणतो, आणि त्याच माळावर माळढोक होता, हे तो दिसेनासा झाल्यावर आठवतं. ज्या वाळूवर जीपची चाकं फिरतात, तशाच वाळूत समुद्री कासव अंडी घालतं.

तेव्हा या पावसाळ्यात एक काम करा. बाभळीवर सोनपाखरू दिसलं तर काडेपेटी राहू द्या, फोन काढा. फोटो घ्या, जागा आणि तारीख लिहा आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलसारख्या ठिकाणी टाका. उद्या कुणी 'माहितीच नाही' म्हणालं, तर दाखवायला तुमची एक नोंद तरी असेल. आणि गाडी किनाऱ्यावर किंवा माळावर घालायच्या आधी दोन मिनिटं खाली उतरून चालत जा. वाळूवर बारीक ठसे दिसले, तर ती जागा रिकामी नाही. तिथे आधीपासून कुणीतरी राहतंय.