भिंतीला कोणाचे डोळे?

दिवाळीपूर्वी घर रंगवायचे म्हटले की हल्ली रंगवाला छापील पुस्तिका पुढे करतो. तिच्यात एखाद्या थोर चित्रकाराच्या नावाचा रंग असला की गृहस्थ विरघळलाच! माझा राग रंगावर नाही, या विरघळण्यावर आहे.

क्लोद मोने 1883 साली फ्रान्समधील जिव्हर्नी गावी राहायला गेला. तिथे त्याचे जेवणघर कपाटांसकट पिवळेधमक आणि स्वयंपाकघर निळ्या फरशांचे. नॉर्मंडीच्या ढगाळ उजेडात तो पिवळा म्हणजे घरात आणलेले ऊन! तोच सोलापुरात पश्चिमेच्या खोलीला फासा. वैशाखात माणसे ओसरीवर पळतील.

बरे, उचलायचे ते कोणत्या मोनेचे? 1912 साली त्याला मोतीबिंदू असल्याचे निघाले. पुढे बागेतला तोच पूल त्याच्या चित्रांत तांबूस-तपकिरी होत गेला. नळ्यांवरची नावे वाचून तो रंग घेई. 1923 साली एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, तर सारे फार निळे दिसते अशी त्याची तक्रार! तो तांबूस रंग कोणी 'फॅशन' म्हणून दिवाणखान्याला देणार असेल, तर त्याने पदरचे पैसे मोजून मोतीबिंदू घेतला म्हणायचे.

मोनेकडून घ्यायचे ते फुकट आहे. एकाच शेतातल्या गंजी सकाळी, सांजेला, बर्फात कशा रंग बदलतात, हे त्याने 1890-91 मध्ये चित्रांमागून चित्रे काढून दाखवले. तुम्हीही हातभर भिंतीला रंग लावा. सकाळी, दुपारी, दिवा लावल्यावर पाहा. आणि घरात जास्त वेळ बसणाऱ्याला विचारा. आमच्याकडे ती माझी आई. तिला चुन्यात चिमूटभर नीळ हवी असते.